जगदलपूरची सोबत

१

महिन्यातून दोन मंगळवारी मी रायपूरहून जगदलपूरला जायचे. विमान लहान, पंख्याचं, सत्तरेक माणसांचं. वर चढून पाणी वाटून होतं न होतं तोच उतरायची सूचना यायची. काम ठरलेलं होतं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, हे बस्तरकडच्या दवाखान्यांतल्या नर्सना शिकवायचं. त्यासाठी रबराचं एक बाळ लागतं. ते मी हातातल्या बॅगेतूनच न्यायचे. सुरुवातीला तपासणीच्या पडद्यावर ते दिसलं की मशीनवरची मुलगी दचकायची. पुढे ओळख झाली. मग नुसतं हसून विचारायची, "बेबी ठीक है मॅडम?"

माझं नाव पूर्णिमा रामटेके. वय सत्तेचाळीस. ऑफिस नवा रायपुरात, घर तेलीबांध्याला तलावामागच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावर इथे आले आणि इथलेच झाले. ते गेल्याला बारा वर्षं झाली. धाकटा भाऊ दिवाकर नागपूरला स्थिरावला. मी लग्न केलं नाही. घरात आई आणि मी, दोघीच. शेवटची सहा वर्षं आई वॉकर घेऊन चालायची, आणि मी तिच्या उजव्या बाजूनं, तिच्या चालीनं.

आई कधी विमानात बसली नाही. मी परत आले की पडल्यापडल्या एकच विचारायची, "काय दिसलं वं वरून?"

मी म्हणायचे, ढग. नाहीतर म्हणायचे, थकली गं आई, उद्या सांगते.

फेब्रुवारीत आई गेली. दोन महिने मी दौरे घेतले नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी पुन्हा निघाले. शंकर भैया, ऑफिसचे ड्रायव्हर, नेहमीप्रमाणे साडेआठला खाली उभे होते. विमानतळाच्या दारातल्या जवानानं माझं ओळखपत्र आणि फोनवरचं तिकीट पाहिलं, परत दिलं, आणि माझ्या डाव्या खांद्याच्या मागे पाहत हात तसाच पुढे ठेवला.

"और इनका?"

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. बऱ्याच लांब एक रिकामी ट्रॉली उभी होती.

माझ्यासोबत कोणी नाही, मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या जागेकडे, आणि ओशाळून हात मागे घेतला. त्याला वाटलं होतं, साथ में हैं.

२

विमानात मी नेहमी वाटेकडची जागा घ्यायचे. गुडघा लांब करता येतो म्हणून. मंगळवारचं विमान अर्धं रिकामं असायचं. त्या दिवशीही माझ्या शेजारी खिडकीपाशी कोणी नव्हतं.

विमान वर गेलं. हवाई सुंदरी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. एक माझ्या हातात दिली. दुसरी माझ्या समोरच्या ट्रेवर हळूच ठेवली आणि वाकून, हळू आवाजात म्हणाली, "इनकी आँख खुले तब दे दीजिएगा."

मी काही बोलायच्या आत ती पुढच्या रांगेत गेली होती.

मी शेजारच्या जागेकडे पाहिलं. सीट रिकामी होती. पट्ट्याची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली होती, कोणाच्या तरी पोटावरून घेतल्यासारखी, थोडी उचललेली. सफाईवाले रिकाम्या जागांचे पट्टे असेच लावून ठेवतात, मला माहीत होतं. पण वाटेपलीकडच्या दोन्ही जागाही रिकाम्याच होत्या आणि त्यांचे पट्टे सुटे लोंबत होते.

पंख्यांचा आवाज एकसारखा चालू होता. त्या आवाजात माणूस काहीही ऐकू शकतो. मी डोळे मिटून बसले आणि मनाशी हिशेब मांडला की मुलगी नवी असेल, सकाळपासूनचं तिसरं उड्डाण असेल, चुकली असेल. दारातला जवानही तसाच, रात्रपाळीचा, झोपेतला.

उतरताना दुसरी बाटली तिथेच सोडावी असं वाटलं. सोडली नाही. बॅगेत टाकली. का, ते सांगता येत नाही. कोणाची तरी वस्तू आपल्याजवळ राहिल्यासारखं वाटलं.

३

जगदलपूरच्या दवाखान्यात राधिका सिस्टर माझी सगळी व्यवस्था बघायची. तिशीची, भराभर बोलणारी मुलगी. मी पोचले की आधी चहा. त्या दिवशी तिनं टेबलावर दोन कप ठेवले. मी समजले दुसरा तिचा. ती मात्र उभीच राहिली, हातात वही घेऊन, आणि दुसऱ्या कपावर वाफ येत राहिली. थोड्या वेळानं तिनं स्वतःच कप उचलला आणि म्हणाली, अरे, मी दोन कशाला आणले.

अशा गोष्टी एकदा दिसायला लागल्या की दिसतच जातात. पुढच्या दोन महिन्यांत कितीतरी झाल्या. लिफ्टमध्ये माणसं माझ्या डाव्या बाजूला अंतर ठेवून उभी राहायची. मी बसायच्या आधी रिक्षावाला विचारायचा, कितनी सवारी? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा दारात पाहून विचारलं की पाहुणे किती दिवस आहेत.

मी कारण शोधत होते. आणि ते मला एका संध्याकाळी तलावाच्या कडेनं चालताना मिळालं. समोरून येणाऱ्या लोकांना वाट देताना मी बाजूला सरकले आणि लक्षात आलं की मी फुटपाथच्या मधून चालत नाही. अगदी उजव्या कडेनं चालते. डावीकडे एका माणसाची जागा सोडून. पावलंही हळू टाकते, वॉकरच्या चालीनं. दार उघडलं की आत शिरायच्या आधी थांबते, दुसरं कोणी आधी जाईल म्हणून.

सहा वर्षांची सवय. आई गेली, पण अंगानं तिची जागा सोडायचं बंद केलं नव्हतं. लोकांना ती सोडलेली जागा दिसत होती आणि तिथे कोणीतरी असेल असं त्यांना वाटत होतं. इतकी सरळ गोष्ट.

मी तिथल्याच बाकावर बसले आणि बरीच रडले. बाकाच्या एका टोकाला बसले होते. उरलेला बाक रिकामा होता, गर्दी असूनही कोणी येऊन बसलं नाही.

४

कारण मिळालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण घरी दोन खोल्यांत माणूस किती वेळ स्वतःशी खरं बोलणार. जुलैपर्यंत मी म्हणायला लागले होते, जागा आईची आहे, मग त्यात आईच असेल तर काय बिघडलं? आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. बाबांनी सगळं सोडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आईनंही कधी कोणाच्या अंगात येणं खरं मानलं नाही. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी एके मंगळवारी आरशासमोर पदर सारखा करत म्हणाले, "चल आई, गाडी आली."

त्या दिवशी विमानात मी तिला सगळं दाखवलं. आवाज इतका हळू की पंख्यांच्या खाली बुडून जावा. हे नवा रायपूर बघ, रस्ते केवढे रुंद आणि माणूस एक नाही. ही महानदी. आता धमतरी येईल, त्याच्या पुढे हे गंगरेलचं पाणी, अगं धरण आहे, एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. हा केशकालचा घाट, खालून बसनं जाताना तुला उलटी झाली होती, आठवते? वरून बघ, नुसती दोरी पडल्यासारखी वाटते.

सहा वर्षं जे उद्या सांगते म्हणून टाळलं, ते सगळं बोलले.

परत आल्यावर घर वेगळं वाटलं. मी दोन ताटं घ्यायला लागले. जेवताना दिवसभराचं सांगायचे, ऑफिसातल्यांची नक्कल करायचे, लहानपणच्या गोष्टी काढायचे. कोणत्या मास्तरांनी मारलं होतं, बाबांच्या डब्यात मी काय लपवलं होतं, एकोणिसाव्या वर्षी कोणासाठी रडले होते आणि आईला काय खोटं सांगितलं होतं. आईला न सांगितलेलं असं माझ्यात काही उरलं नाही. ऐकणारं कोणीतरी अगदी लक्ष देऊन ऐकतं आहे, हे जाणवायचं. आई जिवंत असताना एवढं लक्ष देऊन ऐकायची नाही. मध्येच तिला डुलकी लागायची.

हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवाकर दर रविवारी फोन करायचा. ताई, नागपूरला ये, एकटी काहून राहतं तिथं, पोट्टे तुझी वाट पाहून राहिले. त्याचा जीव तुटायचा, मला कळायचं. मी म्हणायचे, एकटी कुठे आहे.

५

सप्टेंबरमधल्या मंगळवारी वाटेपलीकडच्या जागेवर एक बाई होत्या. साठीच्या पुढच्या, अंगावर सुती साडी, पायाशी घट्ट बांधलेली पिशवी. बसल्याबसल्याच त्यांनी ओळख करून घेतली. नाव विनोदिनी. यजमान बिलासपूरला रेल्वेत होते, मुलगी जगदलपूरला दिलेली, तिच्याकडे निघाल्या होत्या. मी फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांना बरं वाटलं होतं.

विमान उडालं. मी खिडकीकडे वळून माझं नेहमीचं सांगणं सुरू केलं. गंगरेलच्या आसपास मला वाटलं की बाई आमच्याकडे पाहताहेत. मी वळले.

त्यांनी विचारलं, "तुमच्या संग कोण आहे?"

आजवर कोणी विचारलं की मी नाही म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटणारं उत्तर दिलं. "आई आहे."

विनोदिनीबाईंनी माझ्या पलीकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मान समोर केली, बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं आणि मागे जागा आहे का विचारलं. पिशवी छातीशी धरून त्या मागे निघून गेल्या.

जगदलपूरला सामान यायला वेळ लागतो. इवलासा पट्टा, त्याच्याभोवती वीसेक माणसं. मी त्यांच्याजवळ गेले. त्या दोन पावलं सरकल्या, पण मी मराठीत हात जोडून म्हटलं की काय पाहिलं ते सांगा, तेव्हा थांबल्या. माझ्या डाव्या बाजूला बघायचं टाळत बोलल्या.

"बाई, मले नाही वाटत ते तुमची आई होय म्हणून."

का, मी विचारलं.

"तुमी खिडकीतून दाखवून राहिल्या होत्या न सगळं. नदी दाखवली, धरण दाखवलं. त्यानं एकदाबी खिडकीकडं नाही पाहिलं. पूरा टाइम तुमच्याकडंच पाहून राहिलं होतं. तुमच्या तोंडाकडं." त्यांची नजर सामानाच्या पट्ट्यावर होती. "तुमी बोलल्या का त्याचे होठ हालत. तुमी थांबल्या का तेबी थांबे. लहान पोट्टे बोलाले कसे शिकतात, तसं."

त्यांची पेटी आली. ती उचलायला मी हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, नको, तुमी नका हात लावू. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. जाताना म्हणाल्या, "आता त्याच्याशी बोलू नका. काहीच सांगू नका."

मी तिथेच उभी राहिले. पट्टा रिकामा फिरत होता. सांगायचं काय राहिलं आहे, ते मी आठवून पाहत होते. काहीच राहिलं नव्हतं.

६

त्या दुपारी वर्गात तीस नर्स होत्या. पत्र्याच्या छताचा लांब हॉल, खिडक्यांना हिरवे पडदे, पंखे खडखडणारे. माणसांमध्ये आले म्हणून मला जरा धीर आला. रबराचं बाळ टेबलावर ठेवलं. शिकवायला लागले. हात आपोआप चालतात, इतक्या वर्षांचं काम आहे.

आधी बाळाला कोरडं करायचं. पाठ चोळायची. मान सरळ, फार मागे नाही, फार पुढे नाही. मग श्वास द्यायचा रबरी फुगा तोंडावर बसवायचा, आणि इथे—

घसा कोरडा पडला. मी थांबले आणि पाण्याचा ग्लास उचलला. दोन घोट घेतले. अर्धं मिनिट गेलं असेल.

नर्सची पेनं थांबली नव्हती.

सगळ्याजणी माना खाली घालून लिहीत होत्या. मधूनच एखादी वर पाहायची, फळ्याच्या डाव्या अंगाला, जिथे मी उभी नव्हते, आणि पुन्हा लिहायची. हॉलमध्ये पंख्यांशिवाय आवाज नव्हता. मला तरी ऐकू येत नव्हता.

मी ग्लास खाली ठेवला आणि पुढच्या बाकावरच्या राधिकाची वही तिच्या हातातून घेतली. तिचं अक्षर गोल, सुबक. मी सांगितलेल्या शेवटच्या वाक्याखाली चार ओळी आणखी होत्या. फुगा किती दाबायचा. छाती हलते का पाहायचं. नाही हलली तर काय चुकलं ते कसं ओळखायचं. मोजायचं कसं.

ओळी बरोबर होत्या. मी त्याच सांगणार होते, त्याच शब्दांत.

"ये मैंने अभी बोला?" मी विचारलं.

राधिकाला प्रश्न कळला नाही. म्हणाली, "हव मॅडम, अभी तो बोले आप." मग थोडी हसून म्हणाली की आज मॅडमचा आवाज किती चांगला लागला आहे, पार मागच्या बाकापर्यंत स्वच्छ येतोय.

वर्ग संपेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिले. कोणी विचारलं नाही की मॅडम का थांबल्या.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचं विमान होतं. बसनं जावं असं मनात आलं. पण जगदलपूरहून रायपूर म्हणजे सात-आठ तास, आणि दोन माणसांच्या बाकावर एवढा वेळ त्याच्या शेजारी बसायचं, या विचारानं तो बेत सोडला. विमान एका तासात पोचवतं.

काउंटरवरच्या मुलीला मी सांगितलं की मला कुठलीही जागा द्या, फक्त शेजारी माणूस हवा. तिनं दोनदा विचारलं, कौन मॅडम? मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. तिनं माझा चेहरा शोधल्यासारखा केला, मग चौथ्या रांगेतली जागा दिली.

विमान जवळजवळ भरलेलं होतं. माझ्या शेजारी खिडकीपाशी खरा माणूस होता, जाडजूड, कानात तारा घालून बसलेला, अंगाला तंबाखूचा वास. तो वास मला कधी इतका आवडला नव्हता. त्याच्या दंडाला माझा दंड टेकला, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला.

विमान उडाल्यावर मागून एक गृहस्थ आले. बायको-मुलांपासून लांब जागा मिळाली होती त्यांना. शेजारच्याला त्यांनी विचारलं, "यहाँ कोई है?"

त्यानं कानातली तार काढली. माझ्या जागेकडे पाहिलं. माझ्या अंगावरून त्याची नजर गेली, कुठे अडली नाही.

"नहीं, खाली है," तो म्हणाला.

"मैं बैठी हूँ," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. पुन्हा ओरडून म्हणाले, तेव्हा दोघं दचकले. गृहस्थ माफी मागत मागे गेले. शेजारचा अंग चोरून खिडकीला चिकटला आणि उतरेपर्यंत तसाच बसला.

पाण्याच्या बाटल्या आल्या. मला मिळाली नाही. मी मागितलीही नाही, कारण त्याच वेळी पुढून हसू ऐकू आलं.

माझं हसू होतं. आपलं हसू आपण ओळखतो. मी वर्षभर तसं हसले नव्हते. दुसऱ्या रांगेत, वाटेकडच्या जागेवर, म्हणजे मी नेहमी बसते तिथे, कोणीतरी बसलं होतं. हवाई सुंदरी वाकून त्याच्याशी बोलत होती, दोघी कशावर तरी हसत होत्या. मला फक्त डोकं दिसलं, मागून. अंबाडा. मग ते थोडं पुढे झुकलं आणि मान उघडी पडली.

आई डोक्याला तेल लावताना सांगायची की पूर्णी, तुझ्या मानेवर मागं तीळ आहे, मसुराच्या दाण्याएवढा. मी तो कधी पाहिला नव्हता. आपली मान कोण पाहतं.

त्या दिवशी पाहिला.

८

रायपूरला पुढचे लोक उठेपर्यंत मी बसून राहिले. ती पुढच्या लोकांबरोबर निघाली. मी मागून चालत होते. तिच्या खांद्याला माझी पर्स होती, हातात बाळाची बॅग. दोन्ही कधी तिच्याकडे गेल्या, मला आठवत नाही. मी दोन्ही हात रिकामे घेऊन चालत होते.

ती फुटपाथच्या मधून चालत होती. पावलं भरभर, मान ताठ. मी अशी चालायचे, फार पूर्वी.

बाहेर ऊन होतं. शंकर भैया गाडीला टेकून उभे होते. तिला पाहून सरळ झाले, हसले, विचारलं की प्रवास कसा झाला. तिनं काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी मागचं दार उघडलं, ती आत बसली. दार लावायला त्यांनी हात घातला आणि मग थांबले. माझ्या दिशेनं पाहिलं. नेमकं माझ्याकडे नाही, थोडं बाजूला. अनोळखी पाहुण्याशी बोलतात तशा अदबीनं म्हणाले, "आइए, आप भी बैठिए."

मी पळून जायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण कुठे? किल्ली पर्समध्ये होती. घर तेलीबांध्याला होतं. आणि या गर्दीत मला बसा म्हणणारा तो एकच माणूस होता.

मी बसले.

गाडी निघाली. शंकर भैया आरशातून तिच्याशी बोलत राहिले, ऑफिसातलं, त्यांच्या मुलाच्या परीक्षेचं. ती नीट उत्तरं देत होती. मी मांडीवरच्या माझ्या हातांकडे पाहत बसले होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही एवढंच ठरवलं होतं. तरी तलावाकडे वळताना एकदा नजर गेली. अर्धा गाल दिसला, ओठांचा कोपरा दिसला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आता तिला गरज नव्हती.

पर्समध्ये फोन वाजला. तिनं काढला. गाडी लहान, काचा बंद, दिवाकरचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. पोचलीस का ताई, त्यानं विचारलं. मग दर वेळेसारखंच म्हणाला, ये न वं नागपूरला, किती दिवस अशी राहशील.

"येते," ती म्हणाली. "सगळं आवरून येते. पुढच्या आठवड्यात घ्यायला ये मला."

पलीकडे दिवाकर हसला. त्याचा इतका मोकळा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो बायकोला हाका मारून सांगत होता, पोट्ट्यांना सांगत होता. घरात एकदम गलका झाला.

मी ओरडले. दिवाकर, म्हणून ओरडले, असेल नसेल तेवढा जीव एकवटून. शंकर भैयांनी आरशात पाहिलं नाही. पण फोनवरचा गलका थांबला.

"ताई," दिवाकर म्हणाला, "कोण हाक मारून राहिलं मले? कोणी आहे का तुझ्यासंग?"

"नाही रे," ती म्हणाली. "कोणी नाही. एकटीच आहे मी."